दातांना तार, खिशाची कसरत

‘आकर्षक हास्य आता फक्त २९,९९९ रुपयांपासून!’ अशा आशयाचे फलक शहरांतल्या चौकांत आणि मोबाइलच्या पडद्यावर आता नित्याचे झाले आहेत. या वाक्यात डोळ्यांत भरतो तो आकडा आणि महत्त्वाचा असतो तो ‘पासून’. आकड्याचा टाइप मोठा, ‘पासून’चा बारीक. ग्राहक आकडा लक्षात ठेवून आत जातो आणि दोन वर्षांनी बाहेर पडताना ‘पासून’चा अर्थ समजून येतो.

समजा, पुण्यात नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी हा फलक पाहून दवाखान्यात गेली. वरचे दोन दात थोडे पुढे, खालच्या दातांची दाटी. शाळेत चिडवून घेऊन झालेले, घरात आता लग्नाचा विषय सुरू झालेला. तपासणी मोफत. मग एक्स-रे, फोटो आणि दातांचे साचे यांचे अडीच हजार. तार लावण्याआधी दात स्वच्छ करणे आवश्यक, त्याचे दीड हजार. जागा करण्यासाठी चार उपदाढा काढाव्या लागतील, प्रत्येकी दीड हजारांप्रमाणे सहा हजार. धातूची तार कार्यालयात बरी दिसणार नाही, दाताच्या रंगाची सिरॅमिक घ्या, पंधरा हजार जास्त. दरमहा तार आवळायला येण्याचे पाचशे, वीस भेटींचे दहा हजार. मधल्या काळात चार ब्रॅकेट निघाली, त्यांचे दोन हजार. शेवटी तार काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर, सहा हजार. बेरीज केली तर तीस हजारांचा उपचार त्र्याहत्तर हजारांवर जातो. सिरॅमिकची हौस वगळली तरी अठ्ठावन्न हजार, म्हणजे फलकावरच्या रकमेच्या जवळपास दुप्पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

हे उदाहरण आणि त्यातले आकडे काल्पनिक आहेत, पण ज्यांच्या घरात कोणाला तार लागली आहे त्यांना यातली एकही पायरी अनोळखी वाटू नये. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की यातला जवळपास प्रत्येक खर्च वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतो. किडलेल्या, कीटण चढलेल्या दातांवर तार लावणे चूकच. दाटी फार असेल तर दात काढावे लागतात. रिटेनर तर अनिवार्यच. तक्रार खर्चाची नाही. तक्रार अशी, की पहिल्या दिवशी माहीत असलेला खर्च रुग्णाला हप्त्याहप्त्याने का कळतो?

या प्रश्नाचे उत्तर उपचाराच्या स्वरूपातच दडलेले आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. तारेने दातावर हलका, सततचा दाब दिला की दाब पडणाऱ्या बाजूचे हाड विशिष्ट पेशी विरघळवतात आणि ताण पडणाऱ्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. अशा रीतीने दात हाडातून सरकतो, तोही महिन्याला साधारण एक मिलिमीटर. घाई करून जोर वाढवला तर वेग वाढत नाही, उलट मुळे झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून हा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो.

आता याचा व्यवहारातला अर्थ पाहा. गुडघ्याचे ऑपरेशन एका दिवसात होते, बिल एकदा येते. तारेच्या उपचारात रुग्ण दोन वर्षे अर्ध्या वाटेवर असतो. चार दात काढून झालेले असतात, फटी उघड्या असतात, तार बसलेली असते. अशा वेळी नवा खर्च पुढे आला तर नाही म्हणण्याची सोय जवळपास उरत नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे जावे तर अर्धवट झालेले काम हाती घ्यायला तो कचरतो आणि घेतलेच तर नव्याने शुल्क लावतो. म्हणजे पहिल्या दिवशी ग्राहकाच्या हाती असलेली निवड सहाव्या महिन्यात संपलेली असते. म्हणूनच किंमत आधी सांगणे हा इथे केवळ सौजन्याचा भाग नाही, तर रुग्णाच्या संमतीचाच भाग आहे. अर्धी किंमत सांगून घेतलेली संमती ही अर्धीच संमती.

छुप्या खर्चाच्या जोडीला दुसरा प्रकार आहे तो वाढीव विक्रीचा. त्यातल्या काही गोष्टी तपासून पाहण्यासारख्या आहेत. ‘सेल्फ-लायगेटिंग’ ब्रॅकेट महाग असतात आणि त्यांनी उपचार लवकर संपतो असे सांगितले जाते. आजवरच्या पद्धतशीर आढाव्यांत एकूण उपचारकाळ लक्षणीय कमी होतो असे दिसलेले नाही. दात वेगाने सरकावेत म्हणून तोंडात धरायची कंप पावणारी उपकरणे विकली जातात. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यांना त्यांचाही खात्रीलायक पुरावा मिळालेला नाही. ‘अक्कलदाढा पुढचे दात ढकलतात, म्हणून आत्ताच काढून टाका’ हा सल्ला पिढ्यानपिढ्या ऐकू येतो. पण अक्कलदाढांमुळे पुढच्या दातांची दाटी होते, या समजुतीला अभ्यासांचा पुरेसा आधार नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तर २००० सालीच निर्देश दिले, की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढण्याची पद्धत बंद करावी. दुखत असेल, जंतुसंसर्ग होत असेल, शेजारची दाढ किडत असेल तर गोष्ट वेगळी.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांच्या काळजीचा आधार घेतला जातो. सात-आठ वर्षांच्या मुलाचे पुढे आलेले दात पाहून ‘आत्ता एक टप्पा, मोठेपणी दुसरा’ असे सुचवले जाते. म्हणजे बिलेही दोन. पुढे आलेल्या वरच्या दातांवरील कोक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा, की दोन टप्प्यांत उपचार केल्याने पुढचे दात मार लागून तुटण्याचा धोका कमी होतो, पण त्यापलीकडे किशोरवयात एकाच टप्प्यात केलेल्या उपचारांपेक्षा विशेष लाभ दिसत नाही. मैदानावर सतत पडणाऱ्या मुलासाठी हा लाभ मोठा ठरू शकतो, दुसऱ्यासाठी नाही. निर्णय पालकांचा, पण तो हे वाक्य ऐकल्यानंतरचा असावा.

सर्वांत सावध राहावे असा पर्याय म्हणजे ‘दोन वर्षे कशाला, दोन भेटींत दात सरळ’. यात दात सरकत नाहीत. त्यांचा पुढचा भाग घासून त्यावर व्हेनियरचे पातळ कवच बसवले जाते. काही रुग्णांसाठी तो योग्य उपचार असतो. पण घासून गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही आणि कवच काही वर्षांनी बदलावे लागते. बाविसाव्या वर्षी निरोगी दात घासून घेणारी व्यक्ती आयुष्यभराच्या देखभालीचा करार करत असते आणि बहुधा तिला ते कोणी सांगितलेले नसते.

पारदर्शक अलायनरने या बाजारात नवे पर्व आणले. ‘इनव्हिजलाइन’ बनवणारी अमेरिकेतली अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी १९९७ साली स्थापन झाली. संगणकावर दातांच्या हालचालीचा आराखडा करून त्याबरहुकूम प्लास्टिकच्या साच्यांची मालिका बनवायची, ही कल्पना उत्तमच होती आणि योग्य रुग्णात, योग्य हातात ती आजही उत्तम काम करते. पण साचा कारखान्यात बनू लागल्यावर डॉक्टरला वगळूनच तो घरपोच विकता येईल, असा विचार काहींनी केला. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने २०१४ पासून नेमके हेच केले. २०१९ मध्ये ती शेअर बाजारात आली तेव्हा तिचे मूल्यांकन अब्जावधी डॉलरचे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये कारभार गुंडाळला. ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते त्यांना स्थानिक दंतवैद्य शोधा असे सांगण्यात आले. आयुष्यभराची म्हणून दिलेली हमी कंपनीबरोबरच संपली. मात्र हप्त्यांवर उपचार घेतलेल्यांनी हप्ते भरत राहावे, असे कंपनीने कळवले.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे नीट समजून घेण्याजोगा आहे. दवाखान्याच्या काउंटरवर ‘बिनव्याजी हप्ते’ मिळतात तेव्हा अनेकदा आपण दवाखान्याशी नव्हे, तर एखाद्या वित्त कंपनीशी कर्जाचा करार करत असतो. दवाखान्याला पैसे मिळून जातात. उद्या दवाखाना बंद पडला, डॉक्टर सोडून गेले किंवा उपचार रखडला तरी कर्ज तसेच राहते. आणि ‘बिनव्याजी’ म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज प्रक्रिया शुल्कात लपते किंवा रोख पैसे देणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत लपते. म्हणून हप्ता मान्य करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: आज सगळे पैसे रोख दिले तर किती?

दंतवैद्यांची बाजूही ऐकायला हवी. खासगी महाविद्यालयातले भरमसाट शुल्क, शहरातले दवाखान्याचे भाडे, महागडी यंत्रे, आयात साहित्य या सगळ्याचा भार त्यांच्यावर असतो. शिवाय शरीर हे काही सुतारकाम नव्हे. कोणाचे दात अपेक्षेप्रमाणे सरकत नाहीत, कोणी अलायनर दिवसाचे वीस-बावीस तास घालण्याऐवजी रात्रीपुरते घालते, कोणी तार असताना चिक्की फोडते. अशा वेळी वाढलेला खर्च डॉक्टरच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. आणि आजही असे अनेक दंतवैद्य आहेत जे समोरच्याला सांगतात, की तुमचे दात थोडे वाकडे आहेत पण निरोगी आहेत, काही करायची गरज नाही. फलकावर स्वस्त आकडा लिहिणाऱ्याशी स्पर्धेत नुकसान होते ते याच डॉक्टरांचे. त्यांनी पहिल्याच भेटीत पंचावन्न हजार असा पूर्ण आकडा सांगितला की रुग्ण तीस हजारांच्या फलकाकडे वळतो. म्हणजे अर्धवट किंमत सांगण्याची पद्धत रुग्णाइतकीच प्रामाणिक व्यावसायिकालाही महागात पडते.

मग नियम काय सांगतात? डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत तत्त्व स्पष्ट आहे: शुल्क उपचारापूर्वी सांगावे, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. दंतवैद्यांची आचारसंहिताही जाहिरातबाजी करून रुग्ण खेचण्याच्या विरोधात आहे. तरी समाजमाध्यमांवर ‘आधी आणि नंतर’च्या छायाचित्रांचा पूर आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की संमतीपूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके आणि उपलब्ध पर्याय सांगितले पाहिजेत. पर्यायांची तुलना किमतीविना कशी होणार? केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत किमतीचे घटक सुरुवातीला न सांगता नंतर थेंबाथेंबाने उघड करणे, ही क्लृप्ती नावानिशी आहे. विमानाच्या तिकिटाला जे लागू आहे ते अलायनर विकणाऱ्या संकेतस्थळालाही लागू व्हावे, यात शंका नसावी.

अडचण आहे ती चौकातल्या दवाखान्याची. दर दर्शनी भागात लावण्याची तरतूद केंद्राच्या २०१० च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याखालच्या नियमांत आहे, पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेला नाही. राज्याचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांचा विचार करतो, दोन खुर्च्यांच्या दंतचिकित्सालयाचा नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. या नव्या व्यवस्थेने एक छोटे काम जरी केले तरी पुष्कळ होईल: दीर्घकाळ चालणाऱ्या प्रत्येक दंतोपचारासाठी एक पानी लेखी आराखडा सक्तीचा करावा. त्यात निदान, पर्याय, अंदाजे कालावधी, रिटेनरसह एकूण खर्च, कोणत्या परिस्थितीत तो किती वाढेल आणि उपचार मध्येच थांबला तर किती पैसे परत मिळतील, एवढे असावे. दरांवर मर्यादा घाला असे आम्ही म्हणत नाही. दर काहीही असोत, ते आधी आणि पूर्ण सांगा, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. गरज कुठे संपते आणि हौस कुठे सुरू होते? ब्रिटनमध्ये यासाठी उपचाराच्या गरजेचा पाच पायऱ्यांचा निर्देशांक वापरतात. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या, आणि तिसऱ्या पायरीवर असूनही दात दिसायला बरेच विद्रूप असलेल्या मुलांवर सरकारी खर्चाने उपचार होतात. बाकीच्यांनी हवे तर स्वखर्चाने करावेत. यात हौसेला नावे ठेवलेली नाहीत, फक्त तिला हौस म्हटले आहे. आपल्याकडे मात्र हौशीला आजाराचे नाव देऊन विकले जाते आणि खऱ्या व्यंगाकडे ‘दिसण्याचा प्रश्न’ म्हणून दुर्लक्ष होते. चावताना खालच्या दातांनी टाळूला जखम होणारे मूल पैशांअभावी तसेच राहते आणि अर्धा मिलिमीटर वळलेल्या दातासाठी कर्ज काढले जाते. सरळ दात हवेसे वाटण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीला विचारा, तिच्यासाठी ते किती मोठे असते. नेमकी हीच दुखरी जागा ओळखून तिथे फलक लावला जातो, आक्षेप त्याला आहे.

तोवर रुग्णाने काय करावे? पहिल्या भेटीत पैसे भरू नयेत. ‘आजच नोंदणी केल्यास सूट’ हे साड्यांच्या सेलचे वाक्य आहे. जो उपचार दोन वर्षे चालणार तो आठवडाभर थांबू शकतो. उपचार कोण करणार, हे विचारावे. साधी बीडीएस पदवी असलेल्या दंतवैद्याला तार लावण्यास मनाई नाही, पण ऑर्थोडॉन्टिक्समधली एमडीएस ही त्यापुढची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. साखळी दवाखान्यांत तज्ज्ञ अधूनमधून येतात आणि बदलतात, म्हणून दोन वर्षे तीच व्यक्ती असेल का, हेही विचारावे. एकूण खर्च लेखी घ्यावा, त्यात मासिक भेटी, निघालेली ब्रॅकेट, वाढीव अलायनर आणि रिटेनर आहेत का ते पाहावे. रिटेनर दीर्घकाळ घालावे लागतात आणि झिजतात, त्यामुळे तो खर्च तार निघाल्यावरही संपत नाही. एक्स-रे आणि अहवालांच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. त्याचे शुल्क काही शे रुपये असेल, पण काढलेला दात परत मिळत नाही. आरोग्य विम्यावर विसंबू नये, कारण सौंदर्योपचार सहसा त्यात बसत नाहीत.

सरकारी पर्यायही आहे, पण त्याचे फलक नसतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय अशा ठिकाणी हाच उपचार प्राध्यापकांच्या देखरेखीखाली पदव्युत्तर विद्यार्थी करतात, खासगीपेक्षा कितीतरी कमी खर्चात. रांग असते, वेळ जातो. पण तिथे दुरुस्तीची गरज नसलेल्या रुग्णाला तार विकण्यात कोणाचा आर्थिक फायदा नसतो, हा गुण छोटा नाही.

आणि फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले आणि २०१९ च्या नव्या कायद्याखालीही ते कायम असल्याचे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आता ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र तिथे बोलतो तो कागद, तोंडी आश्वासन नाही. म्हणून तो पहिल्या दिवशीच मागावा. जो डॉक्टर तो हसतमुखाने देईल त्याच्याकडे दात निर्धास्त सोपवावेत. जो टाळाटाळ करेल त्याच्या दवाखान्यातून, आहे त्या दातांनी हसून, बाहेर पडावे.